आधी ओल, मग रंग : जुन्या वास्तूंच्या रंगकामाविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरू लागला की रंगकामाविषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चुन्यात बांधलेली जुनी घरे आणि नव्या उपयोगासाठी घेतलेले कारखान्यांचे गाळे यांच्याशी संबंधित पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (चरई, ठाणे) : आमचे घर आजोबांनी बांधलेले, दुमजली आणि मंगलोरी कौलांचे आहे, वय सुमारे ९० वर्षे. तळमजल्याच्या भिंती १४ इंची विटांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी आम्ही आतून जुना गिलावा काढून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पुट्टी भरून धुता येणारे महाग इमल्शन लावले. पहिल्याच पावसाळ्यानंतर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि पांढरी भुकटी पडू लागली. दुकानदाराच्या सल्ल्याने तेवढा भाग खरवडून ‘डॅम्पप्रूफ’ रंग दिला, तर आता पोपडे चार फुटांवर आले आहेत. आता कोणता रंग लावावा?

उत्तर : आपण वापरलेले इमल्शन चांगल्या प्रतीचे असेलही, परंतु ते आपल्या भिंतीला मानवणारे नाही. त्या काळच्या चुन्यातील बांधकामात जोत्यावर ओलरोधक थर घालण्याची पद्धत सर्रास नव्हती. जमिनीतील ओल विटांच्या आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडीफार वर चढणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलेले असे. चुन्याचा गिलावा आणि त्यावरची सफेदी या ओलीला बाहेर पडू देत असत, त्यामुळे भिंत पावसाळ्यात भिजली तरी पुढच्या आठ महिन्यांत सुकत असे. आपण सिमेंट, पुट्टी आणि इमल्शन असे तीन थर चढवून ही वाट बंद केली. आत कोंडलेले पाणी मोकळी जागा मिळेपर्यंत वर सरकत राहते, आणि म्हणूनच ‘डॅम्पप्रूफ’ थरानंतर पोपडे तिसऱ्या फुटावरून चौथ्या फुटावर गेले. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. मातीतील आणि विटांतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून गेले की त्यांचे स्फटिक होतात, आणि हे स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढू लागले की त्या पापुद्र्याला बाहेर ढकलतात. त्यावर आणखी जाड किंवा आणखी महाग रंग चढवून हे थांबत नाही.

प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. जमिनीतून चढणारी ओल साधारण एका पातळीत, आडव्या पट्ट्यासारखी दिसते. वरून खाली उतरणारे डाग असतील तर फुटलेले कौल किंवा तुंबलेली पन्हळ पाहावी. एकाच जागी, बारा महिने सारखाच राहणारा ओला डाग बहुधा नळाच्या गळतीचा असतो. आपल्या भागात आणखी एक कारण हमखास आढळते. रस्त्यांवर वर्षानुवर्षे थर चढत गेले आणि नंतर काँक्रिटीकरण झाले, त्यामुळे जुन्या घरांची जोती रस्त्याच्या पातळीला आली, काही ठिकाणी तर खाली गेली. पावसाचे पाणी आता जोत्यावर न अडता थेट भिंतीला भिडते. भिंतीलगतची माती किंवा फरशी आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा किमान सहा ते आठ इंच खाली घेता आली, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी गटारी काढता आली, तर निम्मे काम रंगाऱ्याला हाक मारण्यापूर्वीच होते.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर एक-दीड फुटापर्यंत काढून टाकावा. उघड्या पडलेल्या विटांवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, म्हणून धुण्याचा मोह टाळावा. मग भिंत सुकू द्यावी. जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी वारा लागत असेल तर वेळ बराच कमी होतो, तरीही एक पूर्ण कोरडा ऋतू, म्हणजे नोव्हेंबर ते मे, भिंत उघडी ठेवण्याची तयारी असावी. घरातील मंडळींना ही गोष्ट सर्वांत अवघड जाते, आणि बहुतेक कामे येथेच बिघडतात.

सुकलेल्या भिंतीवर पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा. एक भाग मुरवलेला चुना आणि दोन ते तीन भाग वाळू, आणि ओलसर भागासाठी वाळूचा काही हिस्सा कमी करून विटांची सुरखी (भुकटी), असे मिश्रण चालते. पूर्वी त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालत. हे काम जाणणारे गवंडी आजही घालतात. ‘मजबुतीसाठी’ म्हणून त्यात गुपचूप सिमेंट मिसळले जाणार नाही, याकडे मात्र स्वतः उभे राहून लक्ष द्यावे.

गिलाव्यावर चुन्याची सफेदी द्यावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जुन्या रीतीप्रमाणे एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घेऊन तो विरवतात, २४ तास ठेवतात, जाड्याभरड्या कापडातून गाळतात आणि गाळलेल्या दर दहा लिटर चुन्यात ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालतात. नव्या गिलाव्यावर तीन पातळ हात लागतात, एक उभा आणि त्यावर एक आडवा असे. प्रत्येक हातापूर्वी भिंतीवर पाण्याचा हबका मारावा, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा होतो आणि त्यासाठी त्याला काही काळ दमटपणा लागतो. कडक उन्हात झटपट वाळलेली सफेदी हाताला लागते, ती याचमुळे. रंग हवा असल्यास पिवडी, गेरू, काव असे मातीचे रंग घालावेत; ते चुन्याचा दाह सोसतात. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

सफेदी दर दोन-तीन वर्षांनी द्यावी लागते आणि ती ओल्या फडक्याने पुसता येत नाही. हे नको असेल तर पोटॅशियम सिलिकेटवर आधारलेले खनिज रंग हा दुसरा मार्ग आहे. ते १८७८ पासून युरोपात वापरात आहेत, गिलाव्याशी एकजीव होतात आणि वाफ अडवत नाहीत. ते महाग असतात आणि जुन्या इमल्शनवर मुळीच धरत नाहीत. त्यांच्याखाली स्वच्छ चुना, सिमेंट किंवा दगडच लागतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आमच्या जुन्या घराची सागवानी दारे, खिडक्या आणि जिन्याचा कठडा यांवर ऑइल पेंटचे किती थर आहेत कोण जाणे. ते काढून मूळ लाकूड दाखवावे, अशी मुलाची इच्छा आहे. आमचे नेहमीचे रंगारी काका म्हणतात की मशीनने घासून दोन दिवसांत साफ करतो. सून गरोदर आहे आणि घरात तीन वर्षांची नातही आहे. काही धोका आहे काय?

उत्तर : धोका आहे, आणि रंगारी काकांनी काम सुरू करण्यापूर्वी आपण विचारले हे फार चांगले झाले. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ चा असून तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या प्रत्येक थरात शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. कोरडे घासताना उडणारी बारीक धूळ श्वासातून आणि लहान मुलांच्या हातांतून तोंडात जाते. शिशाचा परिणाम मुलांच्या वाढत्या मेंदूवर आणि गर्भावर होतो, आणि एकदा झालेली हानी भरून निघत नाही.

त्यामुळे सूनबाई आणि नात यांची सोय हे काम पूर्ण होऊन घर पुसून होईपर्यंत दुसरीकडे करावी. दारे बिजागऱ्यांतून उतरवून शक्यतो घराबाहेर काम करावे. घासायचे असेल तर पाण्याच्या पॉलिश पेपरने, ओले ठेवूनच घासावे. ब्लोलॅम्पच्या ज्वाळेने रंग जाळण्याची पद्धत अजूनही दिसते, तिला ठाम नकार द्यावा, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते आणि जुने लाकूडही पेट घेऊ शकते. रंग सोडवणारे रसायन लावून पत्रीने (खरवडायच्या पात्याने) पापुद्रे काढणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. मात्र खिडक्या उघड्या आणि हातांत जाड मोजे हवेत. कॉस्टिक सोड्याचे पाणी स्वस्त पडते, पण सागवान काळवंडते आणि सोडा रेषांत राहिला तर पुढचे पॉलिश धरत नाही. खरवड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने गोळा करून बंद पिशवीत भरावी. रंगारी काकांनाही साधा कापडी रुमाल पुरणार नाही, बारीक धूळ अडवणारा मुखपट्टा द्यावा. त्यांच्या घरीही नातवंडे असतील आणि ही धूळ कपड्यांवरून घरी जाते.

सगळे काही उघडे करण्याचा आग्रह मात्र धरू नये, असे माझे मत आहे. कठड्याच्या कोरीव गजांतून रंग काढताना नक्षीच्या कडा मऊ होतात. घट्ट बसलेला जुना रंग ओला घासून, त्यावर नवे अस्तर आणि दोन हात देऊन झाकला तरी तो सुरक्षित राहतो. दाराच्या फळ्या उघड्या कराव्यात आणि कठडा रंगीत ठेवावा, ही तडजोड दिसायलाही वाईट नाही.

उघड्या सागवानावर काय लावावे, हे जागेवर ठरते. सागाला स्वतःचे तेल असते, म्हणून कोणताही पारदर्शक थर देण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसून लगेच काम करावे. आतल्या दारांना चपड्याचे (लाखेचे) फ्रेंच पॉलिश शोभते, पण पावसाचे झोत लागणाऱ्या दाराला ते देऊ नये. पाण्याने चपडा पांढरा पडतो. बाहेरच्या बाजूस जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन ते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ताजे करणे उत्तम. एक इशारा येथेच देतो. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि तेलाने भिजलेले बोळे एकत्र कोंबून ठेवले तर ते आपोआप पेटतात. असे बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे) : एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा जुना गाळा आम्ही दोघा मित्रांनी वास्तुरचनेच्या कार्यालयासाठी घेतला आहे. वर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यांवर सिमेंटचे पन्हळी पत्रे, भिंती आणि जमीन तेलकट. कंत्राटदाराचा प्रस्ताव असा : भिंतींचा गिलावा काढून वाळूच्या माऱ्याने विटा उघड्या करायच्या, कैच्यांना काळा इपॉक्सी रंग द्यायचा आणि पत्रे दाबाच्या पाण्याने धुऊन आतून पांढरे करायचे. आपले मत काय?

उत्तर : पत्र्यांपासून सुरुवात करतो, कारण तेथे झालेली चूक निस्तरता येत नाही. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे जवळपास नेहमीच ॲस्बेस्टॉसचे असतात. अखंड असताना त्यातील तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. दाबाचे पाणी, तारेचा ब्रश किंवा ड्रिल लागले की ते मोकळे होऊन हवेत तरंगतात. श्वासातून गेलेले हे तंतू फुप्फुसात राहतात आणि त्यांतून होणारा कर्करोग अनेक वर्षांनी, कधी तीस-चाळीस वर्षांनी उघड होतो. तेव्हा पत्रे धुणे रद्द करावे. ते चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना हात न लावता खाली स्वतंत्र आधारावर छत करावे. फुटके असतील तर प्रशिक्षित माणसांकडून, भिजवून, न फोडता उतरवून, गुंडाळून त्यांची विल्हेवाट लावावी आणि नवे पत्रे घालावेत. खर्चाची हिंमत असेल तर मी पत्रे उतरवण्याचाच पर्याय निवडेन. हे पत्रे ठिसूळ असतात आणि त्यांवर सरळ पाऊल टाकल्याने खाली कोसळून माणसे दगावतात, म्हणून पन्हळ साफ करायलाही फळ्या टाकल्याशिवाय आणि सुरक्षापट्ट्याशिवाय कोणाला वर चढवू नये.

विटांविषयी बोलायचे तर, मुंबईतील जुन्या गिरण्यांच्या रूपांतराची छायाचित्रे पाहून उघड्या विटांची आवड पसरली आहे. परंतु आपल्या गाळ्यातील विटा गिलाव्याखाली झाकण्यासाठीच रचलेल्या आहेत; त्यांची भाजणी आणि सांधे सारखे असतीलच असे नाही. वाळूचा मारा विटेची भाजलेली कडक साल उडवतो आणि आतला भुसभुशीत भाग उघडा पाडतो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या शहरात अशी वीट पाणी पीत राहते. वाळूच्या माऱ्याने उडणारी सिलिकाची धूळ कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग देते, हा मुद्दा वेगळाच. हौस असेल तर एकाच आतल्या भिंतीचा तीन फूट बाय तीन फूट भाग छिन्नी-हातोडीने उघडून पाहावा. विटा पाहण्यासारख्या निघाल्या तरच पुढे जावे. बाहेरच्या बाजूचा गिलावा कोणत्याही परिस्थितीत शाबूत ठेवावा. उघड्या विटांवर चकचकीत व्हार्निश न देता सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे, वाफ जाऊ देणारे जलरोधक वापरावे.

कैच्यांचे काम सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त फसते. तेथे यंत्रतेलाची वाफ वर्षानुवर्षे बसलेली असते. ब्रशने घासण्यापूर्वी ते तेल धुऊन काढले नाही, तर तारेचा ब्रश तेच तेल सर्वत्र पसरवतो. त्यानंतर गंज काढावा. पोलादाच्या सफाईचे दर्जे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेले आहेत. बंद गाळ्यात यांत्रिक ब्रशने मिळणारा ‘एसटी ३’ हा दर्जा आपल्या कामाला पुरेसा आहे आणि तो करारात लिहून घ्यावा. ‘नीट घासून देतो’ या शब्दांना मोजमाप नसते. जुना रंग कोणता आहे हे कळण्यासाठी थिनरने भिजवलेले फडके त्यावर दहा मिनिटे धरावे. रंग सुरकुतला किंवा मऊ पडला, तर त्यावर थेट इपॉक्सी देऊ नये. इपॉक्सीतील तीव्र द्रावक जुन्या एनॅमलला (ऑइल पेंटला) उचलतो आणि दोन्ही थर एकत्र सोलून निघतात. छताखालच्या कोरड्या कैच्यांना इपॉक्सीची गरजही नाही. झिंक फॉस्फेटचे अस्तर आणि वर एनॅमलचे दोन हात पुरतात. पारदर्शक पत्र्यातून जेथे ऊन पडते तेथे तर इपॉक्सी काही महिन्यांत खडूसारखे भुरभुरते.

हवामानाचे गणितही सांभाळावे लागते. लोखंडाच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान तीन अंश अधिक आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. पहाटे थंड झालेली कैची त्या वेळी २७ अंशांवर असेल, तर तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर असू शकतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये लोखंडाचे काम सकाळी दहापूर्वी सुरू करू देऊ नये.

आगीपासून संरक्षणाचा विचार आताच करावा. पोलाद ५५० ते ६०० अंशांना आपली जवळपास निम्मी ताकद गमावते आणि साधा रंग त्याला काहीच मदत करत नाही. उष्णतेने फुगून जाड कोळशासारखा थर बनवणारे अग्निरोधक रंग मिळतात. ते किती जाडीचे द्यायचे हे पोलादाच्या आकारावरून आणि किती मिनिटांचे संरक्षण हवे यावरून ठरते. गाळ्याचा वापर बदलण्यासाठी एमआयडीसीची परवानगी आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला लागेलच. तेव्हाच याची विचारणा केल्यास नंतर रंगावर रंग चढवावा लागणार नाही.

तेलाने भिजलेला गिलावा धुऊन सुधारत नाही. तेवढा भाग कापून नवा करावा. जमिनीला इपॉक्सी द्यायचे असेल तर दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवावे. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर इपॉक्सीचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न (आर्टिस्ट व्हिलेज, सीबीडी बेलापूर) : आमच्या मूळ घराला लागून आम्ही नवीन खोली बांधली. दोन्हींना एकाच डब्यातला रंग दिला, तरी नव्या भिंतीवर रंग पिवळट व ठिपकेदार दिसतो आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर तडा गेला आहे. डोंगराकडच्या भिंतीवर दरवर्षी शेवाळ येते ते वेगळेच.

उत्तर : वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखताना, कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे म्हणून शेजारच्या दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. तेव्हा आपण खोली वाढवली हे त्या कल्पनेला धरूनच झाले. घाई रंगाच्या वेळी झाली असावी. नव्या सिमेंट गिलाव्यातील क्षारता फार तीव्र असते आणि ती रंगद्रव्य तसेच रंगाला धरून ठेवणारा घटक, दोन्ही बिघडवते. पाणी मारणे संपल्यावर किमान २८ दिवस, आणि पावसाळी दिवसांत त्याहून अधिक, थांबायला हवे होते. आता रंग खरवडून, भिंत पूर्ण सुकल्यावर क्षाररोधक अस्तर देऊन पुन्हा दोन हात द्यावेत.

सांध्यावरचा तडा लांबी (पुट्टी) भरून मिटणार नाही. दोन्ही बांधकामांचे पाये वेगळे आहेत, त्यामुळे ती वेगवेगळी हलतात. तेथे सरळ खाच कापून लवचीक सीलंट भरावे आणि ती रेघ उघडपणे दिसू द्यावी. कोपऱ्यातली सरळ रेघ वेड्यावाकड्या भेगेपेक्षा बरी.

शेवाळासाठी ब्लीचिंगचे पातळ द्रावण लावून, पंधरा-वीस मिनिटांनी मऊ ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवावे. भिंत सुकल्यावर बुरशीनाशक मिसळलेला बाहेरचा रंग द्यावा. खडबडीत पोताचा रंग त्या बाजूला टाळावा, कारण खाचांत पाणी आणि धूळ साचते. भिंतीला टेकलेली झाडे छाटली नाहीत तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होईल.

प्रश्न (दिवाळे गाव, नवी मुंबई) : खाडीजवळचे घर आहे. दरवर्षी लोखंडी जाळ्या रंगवतो, दरवर्षी गंजतात. पडवीच्या नव्या जस्ताच्या पत्र्यावरचा ऑइल पेंट तर अख्खा सोलून आला.

उत्तर : खाऱ्या हवेतील मीठ जाळीवर बसते आणि त्यावर रंग दिल्यास मीठ आतच राहून पाणी ओढत राहते. घासण्यापूर्वी आणि घासल्यानंतर अशा दोन्ही वेळी गोड्या पाण्याने भरपूर धुवावे, वाळल्यावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. जाळीच्या कडा आणि जोड यांना ब्रशने एक जादा हात द्यावा, कारण गंज तेथूनच सुरू होतो. पत्र्याचे कारण निराळे आहे. ऑइल पेंटमधील तेलाचा जस्ताशी संयोग होऊन खाली साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. जस्ताच्या पत्र्याला आधी त्यासाठीचे एच प्रायमर (पृष्ठभाग किंचित कोरून पकड घेणारे अस्तर) द्यावे.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे) : जुन्या बंगल्याच्या रंगकामाचे बिल कंत्राटदाराने ‘कार्पेट क्षेत्रफळाच्या साडेतीन पट’ या हिशेबाने लावले आहे. दारे-खिडक्यांचे मोजमाप वेगळे धरले असून ते प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटते. ही फसवणूक आहे का?

उत्तर : साडेतीन पटीचा हिशेब सुमारे दहा फुटी छताच्या फ्लॅटसाठी अंदाज म्हणून वापरतात. बारा-तेरा फुटी छत, मोठ्या खिडक्या आणि जाड भिंतींच्या बंगल्याला तो लागू पडत नाही. कधी तो कंत्राटदाराला तोट्याचा, कधी आपल्याला. बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक ‘आयएस १२००’ हे आहे आणि त्याचे रंगकामाविषयीचे भाग करारात नमूद केले की वाद राहत नाही. त्यानुसार प्रत्यक्ष भिंत मोजावी. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागा वजा करत नाहीत.

दारांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. चौकटीत फळ्या बसवलेल्या (पॅनेलच्या) दाराच्या खाचा आणि पट्ट्या यांमुळे रंगवायची जागा सपाट मापापेक्षा जास्त भरते, म्हणून त्याचे क्षेत्रफळ प्रत्येक बाजूस १.३० ने गुणण्याची रीत मानकातच आहे. पन्हळी लोखंडी पत्र्यालाही १.१४ ने गुणतात. आपल्या बिलात याच पटी असतील तर कंत्राटदार बरोबर आहे. त्याने दोन पट धरली असेल तर हिशेब मागावा. भिंतीत किती हात दिले, हे मात्र कोणतेच मानक नंतर सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक हाताची छटा किंचित वेगळी ठेवायला सांगणे आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत जागेवर ठेवून घेणे, हाच उपाय.

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व) : जुन्या चाळवजा घराची कौले नुकतीच दुरुस्त केली. भिंती अजून ओल्या आहेत, पण दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे आणि घरात लग्नही ठरले आहे. इमल्शन मारून घ्यावे का?

उत्तर : मारू नये. कौले आता गळत नसली तरी चार महिने मुरलेले पाणी तीन आठवड्यांत निघत नाही. दिवाळीपूर्वी दारे, खिडक्या, छताच्या फळ्या आणि लोखंडी जाळ्या करून घ्याव्यात. भिंतींवर इमल्शन किंवा पुट्टीचे जुने थर नसतील, तर सैल पोपडे काढून चुन्याच्या सफेदीचे दोन पातळ हात द्यावेत. ओल्या भिंतीला चुना चालतो, घर स्वच्छ दिसते आणि खर्चही थोडा येतो. जेथे जुने इमल्शन आहे, तेथे चुना धरणार नाही. तो भाग खरवडून तसाच ठेवावा आणि लग्नापुरते त्यापुढे कपाट सरकवावे. लग्न फेब्रुवारीनंतरचे असेल तर भिंतींचे मुख्य काम जानेवारीत, एकदा हाताने आणि एकदा प्लॅस्टिक चिकटवून ओल तपासल्यावर सुरू करावे.